दत्तक व्यक्तीच्या जन्मदात्या आईचा शोध : कोणाच्याही घरात वादळ न उठवता तो कसा घ्यावा? (सोलापूर)

बाळीवेस (धागाकर्ती)

नमस्कार. माझे पती दत्तक आहेत. ही गोष्ट त्यांना लहानपणापासून ठाऊक आहे आणि घरात ती कोणी लपवली नाही. मात्र जन्मदात्या आईचा विषय सासऱ्यांच्या हयातीत कधी निघाला नाही. सासरे वारल्यानंतर बँकेच्या कामासाठी कागदपत्रे शोधताना ट्रंकेच्या तळाशी एक जुनी फाइल हाती लागली, आणि तेव्हापासून आपण हा शोध घ्यावा असे पतींच्या मनाने घेतले आहे.

फाइलमध्ये 1980 च्या दशकातील जिल्हा न्यायालयाच्या आदेशाची प्रत आहे, लसीकरणाचे कार्ड आहे आणि आपल्याच जिल्ह्यातील एका संस्थेच्या प्रवेशनोंदीची कार्बन प्रत आहे. या प्रतीवरची अक्षरे फिकट झाली आहेत, तरी "आईच्या संमतीपत्रानुसार दाखल" ही ओळ आणि खालचा जांभळ्या शाईचा शिक्का नीट वाचता येतो. आईच्या नावाच्या रकान्यात फक्त एक आडवी रेघ ओढलेली आहे. (नोंदीतील आणखी काही तपशील मी आधी येथे दिले होते. खाली जाणकारांनी सुचवल्यावरून ते काढून टाकले आहेत.)

पतींना कोणाकडून काहीही मागायचे नाही. ऐन चाळिशीत त्यांची अँजिओप्लास्टी झाली. त्या वेळी डॉक्टरांनी घराण्यात हृदयविकार आहे का, असे विचारले आणि त्यांना "माहीत नाही" एवढेच सांगता आले. ते उत्तर आमच्या दोन्ही मुलांच्या बाबतीतही तसेच अपुरे राहणार, हे त्यांना खुपते. दुसरी गोष्ट ते कमी बोलून दाखवतात, पण ती अधिक खोल आहे: आपण चांगल्या घरी वाढलो, शिकलो, संसाराला लागलो, हे त्या माउलीला कळावे अशी त्यांची इच्छा आहे.

मला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ती बाई तेव्हा अविवाहित किंवा विधवा असेल, तर आज साठीच्या पुढे असेल आणि तिच्या मुलासुनांना यातले काहीही ठाऊक नसेल. सोलापूर शहर म्हणून मोठे असले, तरी साखर पेठेत सकाळी विचारलेली गोष्ट संध्याकाळी अशोक चौकात पोहोचते. शिवाय माझ्या सासूबाई हयात आहेत आणि पतींनी त्यांच्यापाशी अजून हा विषय काढलेला नाही.

सुरुवात कोठून करावी? पतींना कारखान्यातून रजा मिळत नाही, म्हणून कार्यालयांचे हेलपाटे मी घातले तर चालतील का? कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे.

वकिली_टिपण

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बरीच कुटुंबे तेथेच अडतात. दत्तकविषयक केंद्रीय नियमावलीनुसार, म्हणजे आधीच्या 2017 च्या आणि आता लागू असलेल्या 2022 च्या नियमावलीनुसार, मुळांचा शोध घेण्याची विनंती दत्तक व्यक्तीनेच करायची असते. वय अठराच्या वर असेल तर ती व्यक्ती एकटी अर्ज करू शकते. त्याहून लहान असेल तर दत्तक आईवडिलांसह करावा लागतो. तिऱ्हाइताला असा शोध घेण्याची परवानगी नाही, आणि या बाबतीत पत्नीही तिऱ्हाईतच ठरते. तुम्ही बरोबर जा, फाइल सांभाळा, पण अर्ज आणि सही त्यांचीच हवी. अर्ज केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, म्हणजे 'कारा'कडे, ऑनलाइन करता येतो, त्यामुळे रजेची अडचण बरीचशी सुटेल. पुढे ते काम राज्याच्या यंत्रणेमार्फत जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे आणि संबंधित संस्थेकडे येते.

न्यायालयाचा आदेश हाताशी आहे, हे फार बरे झाले. बाल न्याय कायद्यात दत्तकाची तरतूद 2000 साली आली आणि 'कारा'ची स्थापनाच 1990 ची आहे. त्याआधी संस्थेतील मूल हिंदू कुटुंबात द्यायचे असेल, तर 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या नवव्या कलमाखाली, न्यायालयाची पूर्वपरवानगी घेऊन, संस्थेचे चालक पालक या नात्याने ते देत असत. म्हणजे तुमच्या पतींच्या बाबतीत संस्थेची एक आणि न्यायालयाची एक अशा दोन ठिकाणी कागद तयार झाले होते. संस्थेतील दप्तर गहाळ झाले असले, तरी न्यायालयाच्या अभिलेख कक्षात मूळ अर्जासोबतची कागदपत्रे असू शकतात. मात्र जुन्या प्रकरणांतील काही कागद मुदतीनंतर नष्ट केले जातात, ही शक्यता मनाशी धरून चालावे.

आईने मूल स्वाधीन करताना आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केलेली असेल, तर तिची लेखी संमती घेतल्याशिवाय ते नाव उघड करता येत नाही. तिने नकार दिला किंवा ती सापडली नाही, तर मूल कोणत्या कारणांनी आणि कोणत्या परिस्थितीत स्वाधीन केले गेले, एवढे दत्तक व्यक्तीला कळवले जाते. दत्तक व्यक्तीच्या हक्कामुळे जन्मदात्यांच्या खासगीपणाच्या हक्काला बाधा येता कामा नये, असे नियमावलीत स्पष्ट शब्दांत म्हटले आहे.

कोणी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकण्याचा सल्ला देईल. तो मानू नका. 2005 च्या कायद्यात वैयक्तिक माहिती नाकारण्याची तरतूद आहेच, आणि त्याहून वाईट म्हणजे तो अर्ज आवक-जावक नोंदवहीपासून किती टेबलांवरून फिरेल याला सुमार नाही.

जुनी_चाळ

मी गिरणी कामगाराचा मुलगा आहे आणि मला हे सगळे फार लांबचे वाटते. त्या काळी जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्यांच्या आसपासच्या चाळींत कोणाच्या घरी काय घडले, हे म्हाताऱ्या बायकांना आजही तोंडपाठ आहे. कोणत्या मुलीला अचानक सहा महिने मामाकडे पाठवले, ते त्या बरोबर सांगतील. लसीकरणाच्या कार्डावर तारीख आहे, संस्था माहीत आहे. मग पाच-सहा जुन्या सुईणींना आणि विडी कारखान्याच्या ब्रँचवरच्या बायकांना हळूच विचारले, तर महिन्याभरात नाव कळेल. अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहण्यापेक्षा हे बरे. आपल्या आईचे नाव जाणून घेण्याचा हक्क मुलाला नाही का? माझा हेतू चांगला आहे, गैरसमज नसावा.

निवृत्त_समाजसेविका

जुनी_चाळ, तुमच्या हेतूविषयी मला शंका नाही, आणि नाव कळेल हेही मी मान्य करते. माझी हरकत याच गोष्टीला आहे की ते नाव आधी पाच-सहा जणींना कळेल, मग त्यांच्या घरच्यांना कळेल, आणि जिचे ते नाव आहे तिला सर्वांत शेवटी कळेल. तिला नकार देण्याची संधी मिळण्याआधीच तिच्या दारात कुजबुज सुरू झालेली असेल. मी या जिल्ह्यात दत्तक आणि कुमारी मातांच्या कामात नोकरीची बहुतेक वर्षे घालवली आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

आपल्या भागात गुप्तता ही या कामातील सोय नव्हती, तो त्याचा पाया होता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा विधवांनी गुपचूप येऊन सुखरूप बाळंत व्हावे असे आवाहन त्यांनी जाहीर फलक लावून केले होते. आपल्या पंढरपुरात प्रार्थना समाजाच्या प्रेरणेने 1875 मध्ये अर्भकालय आणि अनाथ बालकाश्रम सुरू झाला. तो तेथेच का सुरू झाला, याचाही विचार करावा: विठ्ठलाच्या दर्शनाला निघालेल्या विधवेला कोणी जाब विचारत नसे, आणि वारीच्या गर्दीत एकट्या बाईकडे कोणाचे लक्ष जात नसे. फुले दांपत्याने काशीबाईंच्या यशवंतला 1874 मध्ये दत्तक घेतले, त्यात आईचे नाव इतिहासाला ठाऊक आहे. पण अशा संस्थांत आलेल्या असंख्य बायका आपले नाव पुढे येणार नाही या एका आश्वासनावर तेथे आल्या होत्या. ते आश्वासन मिळाले नसते, तर त्यांतील कित्येक बाळे जगली नसती.

बाळीवेस ताई, आता तुमच्या कागदावरच्या त्या रेघेविषयी. दत्तक आईवडिलांना दिल्या जाणाऱ्या प्रतीत आईचे नाव पुष्कळदा मुद्दाम वगळलेले असते. मूळ नोंदवहीत आणि संमतीपत्रावर ते असण्याची शक्यता आहे. "संमतीपत्रानुसार दाखल" या शब्दांवरून एक गोष्ट निश्चित कळते की हे मूल रस्त्यावर किंवा देवळाच्या पायरीवर सापडलेले नव्हते. आई स्वतः आली होती आणि तिने अंगठा किंवा सही दिली होती. सापडलेल्या मुलाच्या बाबतीत शोधाला फारसा धागाच नसतो. हे यजमानांना जरूर सांगा. मात्र त्या काळी खोटे नाव आणि खोटा पत्ता सांगण्याचे प्रमाणही बरेच होते, आणि संस्थेतील बायकांना ते कळत असूनही त्या तसेच लिहून घेत. आजच्या कायद्यात मूल स्वाधीन करणाऱ्या आईला बाल कल्याण समितीसमोर यावे लागते, तिचे समुपदेशन होते आणि फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. तेव्हा हे इतके रीतसर नव्हते.

संपर्क कसा साधतात, तेही सांगते. (पुढील प्रसंगात ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) एका दत्तक मुलीच्या अर्जावरून आम्हांला तिची आई सापडली. ती विड्या वळत असे. ब्रँचवर विड्या जमा करून बायका घोळक्याने परततात, म्हणून तेथे भेटायचे नाही असे ठरले. घरी जाणे तर शक्यच नव्हते. दोन खोल्यांचे घर आणि उंबऱ्याशी सून पाने कातरत बसलेली. संस्थेचा शिक्का असलेले पाकीट टपालाने पाठवणेही धोक्याचे, कारण ते पोस्टमनच्या हातून नातवाच्या हातात पडणार आणि नातू ते मोठ्याने वाचणार. शेवटी ती दवाखान्यात एकटी येत असे त्या दिवशी मी बाकावर तिच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "मी महिला व बालविकासाचे काम करते. मला तुमच्याशी एका जुन्या गोष्टीविषयी बोलायचे आहे. तुम्ही नको म्हणालात तर मी येथूनच उठून जाईन आणि पुन्हा येणार नाही." मूल, संस्था, गाव यांतील एकही शब्द मी उच्चारला नव्हता. ती बराच वेळ पिशवीची नाडी गुंडाळत आणि सोडत राहिली. मग तिने तेलुगूत विचारले, मुलगी शिकली का?

तिने भेट नाकारली. पण आपल्या आईला मधुमेह होता, भाऊ लहान वयात हृदयविकाराने गेला, हे तिने आपण होऊन सांगितले, आणि मुलीचा फोटो हातात घेऊन पाहिला. ठेवून मात्र घेतला नाही, कारण तो ठेवायला तिच्या घरात जागा नव्हती. मुलीला हवी असलेली आरोग्याची माहिती मिळाली आणि तिच्या आईच्या घरी त्या संध्याकाळी नेहमीसारखा स्वयंपाक झाला. चौकशी ब्रँचवर केली असती, तर ती माहितीही मिळाली नसती, कारण घाबरलेली बाई पहिल्यांदा "ती मी नव्हेच" असे म्हणते आणि मग जन्मभर त्या शब्दाला चिकटून राहते.

आणखी एक विनंती आहे. तुम्ही वर नोंदीतील तारीख, वजन आणि प्रवेश क्रमांक दिला आहे. त्या वेळी तेथे काम केलेली परिचारिका किंवा खुद्द त्या आईचे नातेवाईक हे वाचू शकतात. हे तपशील कृपया लगेच काढा.

बाळीवेस (धागाकर्ती)

ताई, तपशील काढले. तुमचा प्रतिसाद यजमानांना वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते आणि नंतर म्हणाले, की कोणाला विचारत फिरायचे नाही.

जुनी_चाळ

पटले. मी मुलाच्या बाजूने विचार करत होतो. त्या बाईच्या घरातील सुनेचा विचार माझ्या मनात आला नव्हता. माझी सूचना मागे घेतो.

दत्तक_कन्या

मी स्वतः दत्तक आहे, बार्शीत वाढले आणि या वाटेने गेले आहे, म्हणून लिहिते. जुनी_चाळ यांनी विचारलेला हक्काचा प्रश्न इतक्या लवकर मागे घेऊ नये, कारण तो आमचा आहे आणि खरा आहे. बालहक्कांविषयीच्या 1989 च्या आंतरराष्ट्रीय करारात, शक्य असेल तेथवर आपले आईवडील कोण हे जाणून घेण्याचा हक्क बालकाला दिला आहे, आणि भारताने 1992 मध्ये तो करार स्वीकारला आहे. आमच्या जन्माची हकीकत कोणाच्या तरी कपाटात बंद असते आणि ती पाहण्यासाठी आम्हांला परवानगी मागावी लागते, याचा त्रास ज्याला आपले आजोळ ठाऊक आहे त्याला सहजी कळणार नाही.

माझ्या बाबतीत आईने नकार कळवला. मला अतिशय राग आला होता आणि तो चुकीचा होता असे मी आजही म्हणणार नाही. नियमाप्रमाणे परिस्थितीची माहिती मला मिळाली. ती जेमतेम एका पानाची होती. लग्नाचे वचन, त्या माणसाने फिरवलेली पाठ, वडिलांची भीती, आणि बाळाला अंगावर पाजून मगच संस्थेतून बाहेर पडलेली एकोणीस वर्षांची मुलगी. ते पान वाचल्यावर राग गेला नाही, पण तिच्यावरून उठून त्या माणसाकडे वळला. तुमच्या यजमानांनी नकाराची तयारी अर्ज करण्यापूर्वी करावी. आल्यावर करू म्हटले तर होत नाही.

हल्ली कोणीही डीएनए चाचणी सुचवते, म्हणून त्याविषयीही सांगते. आईशी आपला निम्मा डीएनए जुळतो, सख्ख्या चुलत किंवा मावस भावंडाशी साधारण साडेबारा टक्के. परंतु घरबसल्या लाळ पाठवून करायच्या चाचण्यांच्या संग्रहांत मुख्यतः अमेरिका आणि युरोपातील लोक आहेत, त्यामुळे आपल्याकडच्या माणसाला बहुधा दूरचे नातेच सापडते. आणि जवळचे सापडलेच, तर ते परदेशी गेलेल्या एखाद्या भाच्याचे असते. म्हणजे आईचे गुपित तिच्याआधी भाच्याला कळते, आणि तो त्याच रात्री घरी फोन लावतो. समाजमाध्यमांवर लहानपणीचा फोटो टाकून "ओळखता का" असे विचारणे हाही त्यातलाच प्रकार आहे.

नातेवाइकांतून कोणी "मूळ जात तरी कळेल" म्हणून या कामात रस घेत असेल, तर त्याला या फाइलच्या जवळपासही येऊ देऊ नका.

बाळीवेस (धागाकर्ती)

सर्वांची ऋणी आहे. आता सासूबाईंचा प्रश्न उरतो. त्यांचे वय झाले आहे, आणि सासऱ्यांच्या जाण्याने त्या खचल्या आहेत. शोधाचा निकाल लागल्यावर सांगावे, की आधीच? यजमानांना वाटते की कदाचित काहीच हाती लागणार नाही, मग त्यांना उगाच दुखवायचे कशाला?

निवृत्त_समाजसेविका

आधी सांगावे, आणि ते यजमानांनीच सांगावे, तुम्ही नव्हे. जिल्ह्याच्या कार्यालयातून फोन आला, घरचा फोन सासूबाईंनी उचलला आणि त्यांना हे तिऱ्हाइताकडून कळले, तर मुलाने आपल्या पाठीमागे आई शोधली एवढेच त्यांच्या मनात राहील. दत्तक आयांना शोधाचे दुःख वाटते त्याहून लपवाछपवीचे अधिक वाटते, असे मी अनेक घरांत पाहिले आहे. अँजिओप्लास्टीपासून सुरुवात करावी. मुलाच्या प्रकृतीची काळजी त्यांनाही आहेच.

बाळीवेस (धागाकर्ती)

थोडे उशिरा लिहीत आहे. यजमानांनी सासूबाईंना सांगितले. त्या रडल्या, पण त्यांचा पहिला प्रश्न होता, "ती बाई बरी असेल ना रे?" संस्थेतून बाळ आणले त्या दिवशी तेथील मावशींनी त्यांना सांगितले होते, की आईने दुपट्याचा एक तुकडा कापून नेला आहे. ही गोष्ट सासऱ्यांनाही ठाऊक नव्हती. दत्तक आदेशाच्या वेळी कोणत्या वकिलांनी काम पाहिले, हेही त्यांनी आठवून सांगितले. त्याचा अभिलेख कक्षात शोध घेताना उपयोग होईल.

अर्ज यजमानांनी स्वतः भरला. सोबत जोडायचे पत्र त्यांनी पुष्कळदा लिहिले आणि खोडले. आता त्यात एवढाच मजकूर आहे: "मी सुखात आहे. मला शिकवणारे आईवडील मिळाले. मला तुमच्याकडून संपत्ती, नाव किंवा नाते यांतील काहीही नको आहे. घराण्यात हृदयाचा आजार असेल तर तेवढे कळवावे. भेटायचे नसेल तर मला राग येणार नाही." दत्तक_कन्या यांचा प्रतिसाद वाचल्यावर शेवटच्या वाक्यावर ते अडले, कारण राग येणार नाही असे आज लिहिणे त्यांना प्रामाणिकपणाचे वाटेना. त्यांनी ते बदलून "भेटायचे नसेल तर मी पुन्हा विचारणार नाही" असे केले आहे. पत्रात आणखी काही हवे का?

वकिली_टिपण

बदललेले वाक्य उत्तम आहे. संपत्तीचा उल्लेख तर अवश्य ठेवा, कारण शेतीवाडी असलेल्या घरात पहिली भीती वाटणीची असते. 1956 च्या कायद्यानुसार दत्तक गेलेल्या व्यक्तीचे जन्मघराशी असलेले संबंध दत्तकाच्या तारखेपासून संपतात. दत्तकापूर्वी एखादी मालमत्ता तिच्या नावे आलेली असेल तर तेवढीच तिची राहते. आईने विचारलेच, तर समाजसेविकेला हे सांगता येईल.

पत्रावर यजमानांचे पूर्ण नाव, नोकरीचे ठिकाण आणि घरचा पत्ता लिहू नका. पत्र कोणाच्या हाती पडले, तर तुमच्या घराचीही गुप्तता राहिली पाहिजे. संपर्कासाठी फक्त त्यांच्या स्वतःच्या मोबाइलचा क्रमांक अर्जात द्या, घरचा देऊ नका. पत्र दुसऱ्या एका कोऱ्या पाकिटात बंद करून संस्थेकडे सोपवा, आणि ते समक्षच द्यावे, टपालाने पाठवू नये, असे सोबतच्या अर्जात लिहून द्या. अर्जाची पोच आणि क्रमांक जपून ठेवा. जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारपूस करायला यजमानांनी स्वतः जावे, ओळखपत्र आणि न्यायालयाच्या आदेशाची प्रत सोबत न्यावी. अभिलेख कक्षातील प्रतीसाठी वेगळा अर्ज करावा लागेल. त्याचा मसुदा मला व्यक्तिगत निरोपातून मागा, येथे टाकत नाही.